वारं मावळतीचं, पाणी उगवतीचं

जुलै अर्धा सरलेला असतो. कपाशी वीतभर वर आलेली, तुरीच्या ओळी नुकत्या डोळ्यांत भरू लागलेल्या, आणि मराठवाड्यातल्या पाचोडच्या शिवारावरून दिवसरात्र वारा वाहत असतो. तो मावळतीकडून येतो. त्याच्यासोबत ढगही येतात. खालून करडे, कडांना फाटलेले, घाईत असलेले. पैठणच्या अंगानं ते वर येतात, डोक्यावरून निघून जातात आणि अंबडच्या दिशेनं दिसेनासे होतात. मधूनच भुरभुर होते, पण तिनं धूळही धड दबत नाही. “वारं लई हाये, पाणी काही येत नाही,” असं पारावर कुणी म्हटलं की बाकीचे माना डोलावतात.

शाळेच्या पुस्तकात वेगळं लिहिलेलं असतं. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि पाऊस पाडतात, असं तिथलं वाक्य आहे. ते खरं धरलं तर वारा जितका जोरात तितका पाऊस जास्त पडायला हवा. पाचोडचा अनुभव नेमका उलटा. पुस्तक आणि पार यांच्यात अशी तफावत पडली की मी आधी पाराच्या बाजूनं उभा राहतो. इथेही पारावरचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे सांगायला निम्म्या पृथ्वीचा वारा समजून घ्यावा लागतो.

आधी नकाशा काढू. पाचोड साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. त्या अक्षांशाच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे एक रेघ ओढली तर ती पालघरच्या किनाऱ्यावरून निघते, कळसूबाईच्या डोंगरावर चढते, संगमनेरला उतरते, नेवासा आणि पैठण करत पाचोडला पोचते. या रेघेवरचा पाऊस पाहण्यासारखा आहे. किनाऱ्यावर भरपूर. कळसूबाईच्या शेजारी इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर. तिथून सव्वाशे किलोमीटरही पुढे गेलं नाही तोच संगमनेरच्या बाजूला तो ५०० मिलिमीटरच्या घरात येतो. पाचोडच्या भागात साधारण ६५० ते ७००.

इथे थांबायचं नाही, रेघ तशीच पुढे न्यायची. नांदेडला ९०० मिलिमीटरच्या आसपास, नागपुरात ११००, गडचिरोलीत त्याहूनही जास्त. अरबी समुद्रापासून जितकं लांब जावं तितका पाऊस वाढतो आहे. पश्चिमेचा वारा जर पाऊस वाटत निघाला असता तर शेवटच्या घरी सगळ्यात कमी उरायला हवा होता. पाचोडहून अरबी समुद्र ३०० किलोमीटरच्या आत आहे आणि बंगालचा उपसागर जवळजवळ हजार किलोमीटर. तरी पाण्याच्या बाबतीत हे गाव लांबच्या समुद्राच्या जास्त भरवशावर आहे.

हे कोडं सुटण्यासाठी मुळात वारा कशानं सुटतो ते पाहावं लागेल.

हवेला वजन असतं, आणि ते थोडंथोडकं नसतं. समुद्रकाठी एका चौरस मीटर जमिनीवर उभ्या असलेल्या हवेचं वजन सुमारे दहा टन भरतं. पाचोडच्या उंचीवर ते साडेनऊ टनांच्या आसपास येतं. हे वजन म्हणजेच हवेचा दाब. तो सगळीकडे सारखा असता तर पृथ्वीवर वारा नसता. पण ऊन सगळीकडे सारखं पडत नाही आणि जमीन-पाणी सारखं तापत नाहीत. जमीन तापली की तिच्यावरची हवा तापते, फुगते, हलकी होऊन वर जाते. वर गेलेली हवा उंचावर आजूबाजूला पसरते, म्हणून त्या जागेवरचं एकूण वजन घटतं. मग शेजारून जड हवा तिकडे सरकते. या सरकण्याला आपण वारा म्हणतो.

मे महिन्यात नांगरून टाकलेल्या रानात दुपारी वावटळ उठते, तिच्यात हेच लहान प्रमाणावर घडत असतं. तापलेल्या तुकड्यावरची हवा वर सुटते, चारी बाजूंनी हवा आत धावते, आत येताना जरा फिरते आणि पाचोळा गरगरत वर जातो. तिच्यात भूत असतं असं लहानपणी सांगतात. भूत नसतं, पण पोरांना तिच्यापासून लांब ठेवायला ती गोष्ट बरी पडत असावी.

आता हीच गोष्ट पृथ्वीएवढी करायची. विषुववृत्ताच्या पट्ट्यात ऊन सर्वांत सरळ पडतं. तिथली तापलेली, दमट हवा पंधरा-सोळा किलोमीटर उंच चढते, तिथून उत्तरेला आणि दक्षिणेला पांगते, वाटेत थंड होते आणि दोन्ही गोलार्धांत तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरलेली हवा जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे निघते. एवढंच असतं तर उत्तर गोलार्धातला वारा सरळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहिला असता. तसा तो वाहत नाही, हे जहाजवाल्यांना केव्हापासून ठाऊक होतं. एडमंड हॅलीनं, म्हणजे धूमकेतूवाल्या हॅलीनंच, १६८६ साली समुद्रावरच्या व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला, पण वारा तिरपा का होतो याचं त्यानं दिलेलं कारण चुकलं. बरोबर दिशेचं कारण १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली या इंग्रज वकिलानं दिलं: पृथ्वी फिरते आहे हे विसरू नका.

विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे ताशी १,६७० किलोमीटर वेगानं धावते. पाचोडची जमीन ताशी १,५७० च्या आसपास. ध्रुवावर हा वेग शून्य होतो. विषुववृत्ताकडून उत्तरेला निघालेली हवा आपला जास्तीचा वेग सोबत घेऊन निघते आणि खालच्या संथ जमिनीच्या पुढे पूर्वेकडे सरकते. चालत्या एसटीतून उतरणाऱ्याला चार पावलं पुढे धावावं लागतं, त्यातलाच हा प्रकार. उत्तरेकडून विषुववृत्ताकडे येणारी हवा उलट मागे पडते, म्हणजे पश्चिमेकडे झुकते. हॅडलीचा हिशोब पुरता नव्हता. फिरत्या यंत्रांचं गणित गास्पार कोरिऑलिसनं १८३५ मध्ये मांडलं आणि विल्यम फेरेल या अमेरिकी शिक्षकानं १८५६ मध्ये तसाच विचार वातावरणाला लावला. नियम असा निघाला: उत्तर गोलार्धात वारा आपल्या उजवीकडे वळतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे.

म्हणून उत्तर गोलार्धात तीस अंशांच्या खाली ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे, त्याच्या वर पश्चिमेकडून येणारे पश्चिमी वारे, आणि ध्रुवाजवळ पुन्हा पूर्वेकडून येणारे थंड वारे. ज्या पट्ट्यात हवा खाली उतरते तिथे ती दाबली जाऊन तापते, ढग विरतात आणि खाली वाळवंटं पसरतात. सहारा, अरबस्तान, आपलं थर ही सगळी त्या उतरणीच्या हवेची गावं.

याच नियमानं पाचोडचं काय व्हायला हवं होतं? पाचोडच्या अक्षांशावरून पश्चिमेकडे समुद्र ओलांडला की अरबस्तानचं रुब-अल-खाली लागतं, पुढे तांबडा समुद्र, सुदानचं वाळवंट आणि मग सहारा. बारा महिने कोरडा ईशान्य वारा, हा त्या अक्षांशाचा रिवाज. पाचोडलाही आठ महिने जवळपास तोच लागू असतो. उरलेल्या चार महिन्यांत मात्र सगळी मांडणीच उलटते. मराठवाड्याला दुष्काळी म्हणायची सवय इतकी झाली आहे की या अक्षांशावर ज्वारी-कापूस पिकतो हीच मोठी मेहेरबानी आहे, हे लक्षात राहत नाही.

मांडणी उलटते ती अशी. एप्रिल-मे मध्ये सूर्य उत्तरेला सरकतो, भारतीय उपखंडाची जमीन भाजून निघते, राजस्थान आणि पाकिस्तानच्या वाळवंटावर हवेचा दाब घसरतो. तिबेटचं पठार तर चार-साडेचार किलोमीटर उंचीवर तापतं, म्हणजे वातावरणाला थेट मधल्या मजल्यावरच ऊब मिळते. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो आणि मादागास्करच्या पूर्वेला, मस्कारेन बेटांच्या परिसरात, जास्त दाबाचा डोंगर उभा राहतो. दोन्ही टोकांतला फरक साधारण तीस हेक्टोपास्कलचा, म्हणजे एकूण दाबाच्या जेमतेम तीन टक्के. या तीन टक्क्यांवर दीडशे कोटी लोकांचा पावसाळा उभा आहे.

दक्षिणेकडची हवा विषुववृत्ताकडे निघते. तिकडच्या नियमानं ती डावीकडे झुकलेली, म्हणजे आग्नेयेकडून येणारी. केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत ती विषुववृत्त ओलांडते. पूर्व आफ्रिकेची पठारं तिला पश्चिमेला निसटू देत नाहीत, त्यामुळे ती किनाऱ्याला धरून एका चिंचोळ्या पट्ट्यात वेगानं धावते. विषुववृत्त ओलांडलं की वळणाचा नियम बदलतो आणि तीच हवा उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून भारतावर येते. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर वाहणारा हा जोरकस झोत जॉन फाइंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञानं १९६० च्या दशकात नीट नोंदवला, म्हणून झोताला फाइंडलेटरचं नाव मिळालं. सोमालियाचा झोत म्हणूनही तो ओळखला जातो. जुलैतल्या पाचोडच्या वाऱ्याचं घराणं असं दक्षिण गोलार्धातलं.

या वाऱ्याची वेळ किनाऱ्यावरच्या लोकांना आधी कळली आणि तिचा फायदा पाचोडच्या शेजारच्या गावानं उचलला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत पैठणचं नाव येतं. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर अरबी समुद्र उघड्यानं ओलांडून भडोचला लागत. खोल समुद्रातून जाण्याची ही वाट हिप्पालस नावाच्या तांडेलानं शोधली असं त्या पुस्तिकेत म्हटलं आहे. अरब आणि भारतीय खलाशांना ती त्याआधीच ठाऊक असणार, असं मला वाटतं. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि त्याच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून, नीट रस्ते नसलेल्या मुलुखातून भडोचला जाई. माल घेऊन जहाजं हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परत फिरत. सातवाहनांच्या राजधानीचा बाजार वाऱ्याच्या तारखांना बांधलेला होता. त्या बाजारापासून पाचोड तीसेक किलोमीटरवर आहे.

आता हा वारा किनाऱ्याला लागतो आणि त्याच्यासमोर सह्याद्री उभा राहतो. दमट हवेला डोंगर चढावाच लागतो. चढताना तिच्यावरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे दहा अंश, ढग धरलेली हवा त्याहून कमी. थंड हवेत तेवढं बाष्प मावत नाही, त्याचं पाणी होतं आणि घाटमाथ्यावर कोसळतं. माथा ओलांडून हवा पठारावर उतरली की सगळं उलटं घडतं. ती दाबली जाते, पुन्हा दर किलोमीटरला दहा अंशांनी तापते, तिच्यातले ढग विरू लागतात. भूगोलात यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

हा केवळ सह्याद्रीचा स्वभाव नाही. पाचोडच्याच अक्षांशावर, पॅसिफिक महासागरात हवाईचं मोठं बेट आहे. तिथे वारा बारमाही ईशान्येकडून येतो. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हिलो गावात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ज्वालामुखीचे चार हजार मीटर उंच डोंगर ओलांडून पलीकडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलं की काही ठिकाणी ३०० मिलिमीटरही पडत नाही. इगतपुरी आणि संगमनेर एकाच बेटावर, फक्त दिशा फिरवलेल्या.

घाटमाथ्यावर सांडलेलं पाणी पाचोडच्या मुलुखाला अगदीच मिळत नाही असं नाही. ते आभाळातून न येता नदीनं येतं. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात गोदावरी उगम पावते, इगतपुरीकडून दारणा तिला मिळते, कळसूबाईच्या कुशीतून प्रवरा येते, आणि हे सगळं पैठणच्या वर जायकवाडीच्या नाथसागरात जमतं. १९७६ मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणाचा हिशोब तसा साधा होता: वाऱ्यानं जे पाणी घाटावर टाकलं ते पायथ्याला अडवून मराठवाड्याला द्यायचं. मधल्या वाटेवर नाशिक आणि नगर जिल्ह्यांची धरणं आहेत आणि त्यांच्या खाली ऊस आहे, हा त्यातला गुंता. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानं समन्यायी वाटपाचा नियम आणला, तरी तुटीच्या वर्षी दिवाळीच्या आसपास वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या होतातच. विधिमंडळात प्रादेशिक अन्याय म्हणून जे मांडलं जातं, त्याच्या मुळाशी सह्याद्रीनं वाऱ्याची केलेली ही वाटणी आहे. त्यावरची माणसांची वाटणी मात्र माणसांनी केलेली आहे आणि तिचा जाब वाऱ्याला विचारता येत नाही.

पाचोडच्या जुलैकडे परत येऊ. पारावर बसल्यावर वाटतं की हा वारा कोरडा असणार, म्हणून पाऊस नाही. तो कोरडा नसतो. पावसाळ्यात या पठारावर उभ्या असलेल्या हवेतलं सगळं बाष्प पिळून जमिनीवर पसरलं तर साधारण चाळीस-पन्नास मिलिमीटर पाणी भरेल, म्हणजे चांगला दमदार पाऊस. ते डोक्यावरून जात असतं. अडतं ते चढण्यावर. घाट उतरलेल्या हवेला वर जायला काही कारण नसतं. शिवाय दीड-दोन किलोमीटरच्या वर अनेकदा अरबस्तानाकडून आलेली उबदार, कोरडी हवा पसरलेली असते. ढगाचा माथा तिला टेकला की तिथेच थांबतो. असे बुटके ढग भुरभुर पाडू शकतात, पेरणीजोगा पाऊस पाडू शकत नाहीत. त्यासाठी ढग दहा-बारा किलोमीटर उंच जावा लागतो.

वारा म्हणजे आडवी चाल. पाऊस उभ्या चालीतून येतो. जुलैत पाचोडला आडवी चाल मोप असते, उभी नसते. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या आडव्या चालीच्या जोरावर. महाराष्ट्रातली पवनऊर्जा मुख्यतः जून ते सप्टेंबर याच महिन्यांत तयार होते. खालच्या शेतात दुबार पेरणीची चर्चा आणि वर चक्की भरधाव, हे दृश्य त्यामुळे विसंगत नाही.

२०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादच्या विमानतळावरून विमानं उडवून ढगांत क्षार फवारले गेले, कृत्रिम पावसासाठी. फवारणीनं ढगातले थेंब मोठे व्हायला मदत होऊ शकते. पण तो ढग आधी स्वतःच्या जोरानं वर चढत असावा लागतो. खंड पडलेल्या आठवड्यात असे ढग आभाळात नसतात, आणि मागणी नेमकी त्याच आठवड्यात असते.

मग उभी चाल येते कुठून? उगवतीकडून.

जून ते सप्टेंबर या काळात बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, एका पावसाळ्यात सरासरी डझनभर. त्यातली काही खोल होतात. ओडिशाचा किनारा ओलांडून ती छत्तीसगड, विदर्भ, मध्य प्रदेश अशी पश्चिमेला, थोडी वायव्येला सरकतात. गंमत अशी की खाली सगळा वारा पश्चिमेकडून वाहत असताना ही क्षेत्रं त्याच्या उलट दिशेनं चालतात. त्यामागचं एक कारण उंचावर आहे. पावसाळ्यात तिबेटच्या दक्षिणेला बारा ते पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे एक प्रचंड झोत वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये तो जगापुढे मांडला. पुढे ते हवामान खात्याचे महासंचालक झाले. खालचा पश्चिमी वारा जसजसा वर जावं तसतसा मंदावतो आणि वर पूर्वेचा होतो. जुलैच्या एखाद्या दुपारी पाचोडवर उभं राहून वर पाहिलं तर बुटके ढग अंबडकडे धावताना दिसतात आणि त्यांच्या फटींतून, फार उंचावर, पांढरे तंतूंसारखे ढग सावकाश पैठणकडे सरकताना दिसू शकतात. दोन्ही वारे एकाच वेळी, एकाच गावावर.

कमी दाबाच्या क्षेत्राभोवती हवा घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरते आणि फिरत फिरत आत शिरते. आत शिरलेल्या हवेला जागा हवी, ती वर जाते. इथे डोंगर लागत नाही. हवेनं स्वतःच स्वतःला चढवलेलं असतं. घाटावरून कोरड्या पावलांनी गेलेलं तेच अरबी समुद्राचं बाष्प, उपसागरातून आलेल्या बाष्पासह, या चढणीत वर ओढलं जातं आणि पाऊस होतो. सर्वांत जास्त पाऊस अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्य भागात पडतो. म्हणजे क्षेत्राचं केंद्र विदर्भावर आलं की मराठवाडा त्याच्या बरोबर नैर्ऋत्येला सापडतो.

हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. १८५७ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञानं ती सांगितली: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. जुलैत पाचोडला मावळतीच्या वाऱ्याकडे पाठ केली की डावा हात उत्तरेला येतो, आणि मोसमी पावसाचा कमी दाबाचा मुख्य पट्टा खरोखरच उत्तरेला, गंगेच्या मैदानावर पसरलेला असतो. वारा वायव्येकडून येऊ लागला तर डावा हात ईशान्येला वळतो: विदर्भाच्या बाजूला काहीतरी शिजतं आहे. आणि सप्टेंबरात कधी वारा सरळ उगवतीचा झाला तर डावा हात दक्षिणेला जातो. असा उगवतीचा वारा आणि गच्च आभाळ एकत्र आलं की जुनी माणसं वैरण आत घ्यायला सांगतात. २०२५ च्या सप्टेंबरात उपसागराकडून आलेल्या अशाच क्षेत्रांनी मराठवाड्याला झोडपून काढलं. जायकवाडीतून इतकं पाणी सोडावं लागलं की पैठणच्या सखल वस्त्यांतून लोकांना हलवावं लागलं. तेच क्षेत्र आठवडाभर आलं नाही तर इथे खंड पडतो.

खंडाचंही शास्त्र आहे. मुख्य पट्टा कधी कधी उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसतो. तेव्हा बिहार, आसाम, नेपाळ भिजतात आणि मध्य भारत, महाराष्ट्र कोरडे राहतात. २०२३ चा ऑगस्ट असा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाला तेवढा कोरडा ऑगस्ट सापडत नाही. त्या वर्षी पॅसिफिकमध्ये एल निनो होता.

एल निनोचा धागा शोधला गेला तोही भारतातल्या दुष्काळांमुळे. १८७५ मध्ये हवामान खातं सुरू झालं आणि पुढच्याच दोन-तीन वर्षांत भीषण दुष्काळ पडला. पावसाचा अंदाज आधी सांगता येईल का, या एका प्रश्नापायी १९०४ साली खात्याच्या प्रमुखपदी गिल्बर्ट वॉकर हा गणिती आणला गेला. त्यानं जगभरच्या दाबाच्या, तापमानाच्या नोंदी भारतीय कारकुनांकडून एकमेकींशी ताडून घेतल्या, आणि त्यातून दिसलं की पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यावरचा दाब तराजूच्या पारड्यांगत वर-खाली होत राहतो. पूर्व पॅसिफिकचं पाणी तापलं, म्हणजे एल निनो आला, की हवेचं चढण्याचं ठिकाण तिकडे सरकतं आणि भारतावरची हवा जास्त वेळा उतरती राहते. १९७२ आणि २०१५ ही महाराष्ट्राच्या लक्षात राहिलेली वर्षं त्या गणितात बसतात. पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. १९९७ मध्ये एल निनो जबरदस्त होता आणि देशात पाऊस सरासरीएवढा झाला. उलट २०१२-१३ मध्ये एल निनो नव्हता, तरी जालना-पैठण पट्ट्यात मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर धरून ठेवाव्या लागल्या आणि अनेकांनी शेवटी झाडांवर कुऱ्हाड चालवली.

मोसंबीवाल्यांचं वाऱ्याशी नातं तसं बारमाही आहे. परतीचा पाऊस संपला की वारा ईशान्येचा, कोरडा आणि थंड होतो. आंबे बहार धरणाऱ्याला बागेला ताण द्यायला हाच काळ लागतो. फेब्रुवारीत ज्वारीची मळणी आली की उफणायला बेताचा वारा हवा असतो, आता यंत्रं आल्यापासून त्याची वाट कुणी फारशी पाहत नाही. एप्रिल-मे मध्ये वळवाच्या ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतो, तिला गार आणि जड करतो, आणि ती हवा जमिनीवर आदळून सोसाट्यानं चौफेर सुटते. पावसाच्या आधी येणारा तो गार वारा म्हणजे कोसळलेली हवा. पत्रे उडतात, फळगळ होते. बागेच्या मावळतीच्या बांधावर शेवरी दाट लावण्याचा सल्ला देतात तो जूनपासूनच्या वाऱ्यासाठी. वळवाचा वारा कुठूनही येतो, त्याला बांध कळत नाही.

हिवाळ्याच्या शेवटी कधी कधी तिसराच पाहुणा येतो. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी वाऱ्यांसोबत येणारे विक्षोभ एरवी काश्मीर-पंजाबात बर्फ-पाऊस देऊन जातात. त्यांचा थंड, उंचावरचा हात दक्षिणेपर्यंत पोचला आणि त्याच वेळी खाली उपसागराकडून दमट वारा आला, तर दोन्हींची गाठ मराठवाड्यावर पडते. खाली ऊब, वर कडक गारठा, त्यामुळे हवा अतिशय वेगानं वर फेकली जाते आणि थेंब गोठून गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असंच दिवसेंदिवस चाललं आणि महाराष्ट्रभर उभी पिकं, फळबागा झोपल्या.

पाचोडच्या पावसाची मुख्य वाट हजार किलोमीटर लांबून येते, याचा एक फायदा मात्र आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलेलं क्षेत्र दिवसाला तीन-चारशे किलोमीटर चालतं, म्हणजे ते इकडे पोचायला दोन ते चार दिवस लागतात. घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याला एवढी उसंत मिळत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून हवामान खात्याच्या मदतीनं दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी-हवामान सल्ला निघतो. त्यात उपसागरावरच्या कमी दाबाचा उल्लेख आला की तो पाचोडसाठीच आहे असं समजून वाचावा. मावळतीच्या वाऱ्याचा जोर ओसरला का, दिशा वायव्येची किंवा उगवतीची होते आहे का, हे बांधावर उभं राहून ताडता येतं. दोन्ही जुळलं तर कपाशीचा युरिया आणि मोसंबीवरची फवारणी पाऊस येऊन जाईपर्यंत पुढे ढकलायची. नुसता मावळतीचा वारा वाढला आणि आभाळ पळू लागलं, तर विहिरीवरची मोटार चालू ठेवायची.